आईच्या गुडघ्यात सुई घ्यायची का, आणि घ्यायची तर कुठली?

पत्र थोडक्यात असं. कराडहून एका ताईंनी लिहिलंय. आई ६३ वर्षांची, अंगणवाडीतून रिटायर झालेली, वजन ७८ किलो, बरीच वर्षं शुगर आहे आणि गेल्या तपासणीत एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ८.१ आलंय. गुडघे दोन्ही दुखतात पण उजवा जास्त, जिना उतरताना रडकुंडीला येतात. एक्स-रेमध्ये झीज ग्रेड थ्री. गावातल्या ऑर्थोंनी सांगितलं की एक स्टिरॉइडचं इंजेक्शन देऊन बघू, मामांनी दुसरीकडे नेलं तिथे 'वंगणाची' तीन इंजेक्शनं सुचवली, पॅकेज २८,००० रुपये, आणि पुण्यातला चुलतभाऊ म्हणतो पीआरपी (आपल्याच रक्तातून बनवलेलं इंजेक्शन) करा, आता सगळे तेच करतात. आईंचं म्हणणं, एकदा सुई घेतली की जन्माची सवय लागते आणि हाडं ठिसूळ होतात, शिवाय त्या माळकरी आहेत आणि कुणीतरी सांगितलंय की ते वंगण कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढतात. धाकट्या भावाचं लग्न दोन महिन्यांवर आलंय. सध्या आई मेडिकलमधून आणलेली पेनकिलरची गोळी रोज घेतात, कधी दोनदा, आणि सोबत इकोस्प्रिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू आहे. "सगळे वेगवेगळं सांगतात, मी काय करू?" एवढाच प्रश्न.

ताई, आधी उत्तर देऊन टाकते, मग कारणं. तुमच्या गावातल्या ऑर्थोंनी सांगितलेलं मला पटतंय, उजव्या गुडघ्यात स्टिरॉइडचं एक इंजेक्शन, शुगर थोडी आटोक्यात आणून, लग्नाच्या तारखेचा हिशोब धरून. २८,००० चं पॅकेज घेऊ नका. पीआरपी आत्ता नको. आणि व्यायाम आजपासून, इंजेक्शन झाल्यावर नाही, आजपासून. मी फिजिओ आहे, म्हणजे माझं पोटच व्यायामावर चालतं, तेव्हा तो माझा कल आहे हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

पण इंजेक्शनच्या आधी त्या गोळीबद्दल बोलू, कारण पत्रात तुम्ही ते एका ओळीत उरकलंय आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली. शुगर असलेल्या, साठी ओलांडलेल्या बाईने, इकोस्प्रिन चालू असताना, रोज मेडिकलवरून आणलेली पेनकिलर खायची म्हणजे किडनी, पोटातला अल्सर आणि बीपी तिन्ही गोष्टींशी खेळ आहे. दुखणं जात नाही म्हणून एकाची दोन गोळ्या होतात, दोनाच्या तीन होतात आणि सहा महिन्यांनी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) वाढलेलं दिसतं तेव्हा कुणालाच कळत नाही की हे कधी सुरू झालं. तर आधी एक क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी करून घ्या, गोळीचा कागद डॉक्टरांना दाखवा, आणि तोवर डायक्लोफिनॅक या पेनकिलरचं जेल गुडघ्यावर दिवसातून तीन-चार वेळा लावायला डॉक्टरांची हरकत नाही ना विचारून घ्या. गुडघ्यासाठी हे जेल खरंच काम करतं आणि रक्तात फार थोडं जातं. लोक त्याला कमी लेखतात कारण ते ट्यूबमधून येतं आणि स्वस्त आहे. आणि हो, कुणी "देशी जडीबुटीची पावडर, एका पुडीत आराम" म्हणून काही दिलं तर ते घरातसुद्धा ठेवू नका, अशा बिनलेबलच्या पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं आहेत आणि तिथे किती डोस जातोय ते देवालाच माहीत.

आता गुडघ्यात नेमकं चाललंय काय. ग्रेड थ्री ऐकून तुम्ही घाबरलाय हे पत्रातून दिसतंय. ही ग्रेडची पद्धत १९५७ साली केलग्रेन आणि लॉरेन्स या इंग्लंडमधल्या दोन डॉक्टरांनी एक्स-रे बघून ठरवली, शून्य ते चार. थ्री म्हणजे दोन हाडांमधलं अंतर नक्की कमी झालंय, कडेला हाडाचे कोंब आलेत. पण एक्स-रे आणि दुखणं यांचं गणित सरळ नाही. ग्रेड फोर असून रोज भाजीबाजार करून येणारी माणसं असतात आणि ग्रेड टू असून अंथरुणाला खिळलेली असतात, कारण झिजलेल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकावरच्या गादीला, स्वतःला दुखत नाही, तिच्यात दुखणं कळवणाऱ्या नसाच नाहीत. दुखतं ते आतलं अस्तर सुजतं म्हणून, हाडावर दाब येतो म्हणून, मांडीचे स्नायू गळून जातात म्हणून. त्यामुळे "गादी घासली, आता काय" असं म्हणून हात टेकायचं कारण नाही, सूज आणि स्नायू या दोन गोष्टींवर अजून बरंच करता येतं. फक्त एक्स-रे उभं राहून काढलेला होता का ते विचारा. आडवं झोपवून काढलेल्या एक्स-रेत अंतर आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकतं.

स्टिरॉइडचं इंजेक्शन हे काही नवं फॅड नाही. १९५१ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या जोसेफ हॉलंडर यांनी सांध्यात हायड्रोकॉर्टिसोन टोचण्याचा अनुभव प्रसिद्ध केला, तेव्हापासून हे चालू आहे. आपल्याकडे बहुतेक वेळा मिथिलप्रेडनिसोलोन ४० किंवा ८० मिलिग्रॅम नाहीतर ट्रायमसिनोलोन ४० मिलिग्रॅम वापरतात, सोबत थोडं लिग्नोकेन म्हणजे भूल. म्हणून होतं काय की इंजेक्शन घेऊन बाहेर आल्याआल्या गुडघा एकदम हलका वाटतो, ती भूल असते, संध्याकाळी ती उतरते आणि दुखणं परत येतं, कधी कधी पहिल्या रात्री आधीपेक्षा जास्तच दुखतं, आणि घरचे म्हणतात फुकट गेलं. फुकट गेलेलं नसतं. स्टिरॉइडचा परिणाम सुरू व्हायला दोन-तीन दिवस ते आठवडा लागतो. बर्फ लावायचा, पाय वर घेऊन बसायचं आणि वाट बघायची.

किती दिवस टिकतं? ब्रिटनच्या नाइस या सरकारी संस्थेची २०२२ ची मार्गदर्शक सूचना सांगते की आराम थोडक्या काळाचा असतो, साधारण २ ते १० आठवडे, आणि तो इतर औषधं चालत नसतील तेव्हा किंवा व्यायामाला हातभार म्हणून द्यावा. ही शेवटची अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. काही जणांना तीन-चार महिने बरं वाटतं, काहींना अजिबातच नाही, आणि आधीच सांगता येईल अशी खात्रीची खूण कुणाकडे नाही. गुडघा सुजलेला आणि गरम असेल तर आराम पडण्याची शक्यता जरा जास्त, एवढं डॉक्टर अनुभवाने धरून चालतात.

आईंच्या भीतीबद्दल. सवय लागत नाही, हे त्यांना माझ्या नावाने सांगा. सवय लागते ती रोजच्या गोळ्यांची आणि त्या आईंना आधीच लागलीय! हाडं ठिसूळ होतात ती महिनोन्‌महिने तोंडावाटे स्टिरॉइड घेणाऱ्यांची, वर्षातून एखाद-दुसऱ्या सांध्यातल्या इंजेक्शनने तसं होत नाही. पण त्यांच्या भीतीत एक खरा भाग आहे आणि तो मी लपवणार नाही. २०१७ साली अमेरिकेत एक अभ्यास झाला, १४० माणसं, निम्म्यांना दर तीन महिन्यांनी ट्रायमसिनोलोन, निम्म्यांना साधं सलाइन, असं दोन वर्षं. स्टिरॉइडवाल्यांची कूर्चा सरासरी ०.२१ मिलिमीटर झिजली, सलाइनवाल्यांची ०.१०, आणि दोन वर्षांच्या शेवटी दुखण्यात काही फरक नाही. आता त्यात दुखणं मोजलं ते पुढच्या इंजेक्शनची वेळ येईपर्यंत थांबून, म्हणजे मधल्या आठवड्यांतला आराम त्यात पकडलाच गेला नाही, आणि दशांश मिलिमीटरच्या फरकाने माणसाला प्रत्यक्ष काय होतं हेही वेगळं. तरी माझ्यापुरता निष्कर्ष साधा आहे, दर तीन महिन्यांनी पंचांग बघून सुई घ्यायची नाही. एक घ्या, लागलंच तर पुढे कधीतरी दुसरं, आणि दोन्हींमध्ये तीन महिन्यांपेक्षा कमी अंतर कधीच नको.

शुगरवाल्यांसाठी मात्र हे इंजेक्शन म्हणजे नुसतं गुडघ्याचं काम नाही. थोडं स्टिरॉइड रक्तात उतरतं आणि शुगर वर जाते, बहुतेकांची पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त आणि मग आठवडाभरात खाली येते. ८.१ एचबीएवनसी फार भयंकर नाही पण त्यात खेळायला जागाही नाही. म्हणून आईंच्या शुगरच्या डॉक्टरांना आधी फोन करा, सांगा की अमुक तारखेला गुडघ्यात स्टिरॉइड घेतोय, गोळ्यांमध्ये काही बदल करायचा का. घरात ग्लुकोमीटर नसेल तर आणा, आठवडाभर सकाळी उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी बघून वहीत लिहून ठेवा. आकडा सारखा ३०० च्या वर राहिला किंवा खूप तहान, सारखी लघवी, गळून जाणं असं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर. स्वतःच्या मनाने गोळ्या वाढवायच्या नाहीत. आणि त्या आठवड्यात घरी केळवण ठेवू नका म्हणजे झालं, लग्नघरातल्या गोडाचं मी काय वेगळं सांगू.

इकोस्प्रिन सहसा बंद करावी लागत नाही, पण डॉक्टरांना सांगायची, आणि कुणी कंपाउंडर म्हणाला म्हणून परस्पर बंद तर मुळीच करायची नाही. पायाला कुठे जखम, फोड, नखात पू, ताप, लघवीत इन्फेक्शन असलं काही चालू असेल तर ते बरं होईपर्यंत सुई पुढे ढकला.

आता ते वंगण. मला या शब्दाचाच राग आहे, कारण याच शब्दावर २८,००० चं पॅकेज विकलं जातं. ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर लगेच चित्र येतं की सायकलच्या चेनला तेल नव्हतं, तेल घातलं, चेन फिरायला लागली. गुडघा तसा नसतो हो. त्या इंजेक्शनमध्ये असतं हायलुरोनिक अॅसिड, जे सांध्यातल्या द्रवात निसर्गतःच असतं, कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी १९३४ साली ते पहिल्यांदा वेगळं काढलं, गायीच्या डोळ्यातून. बाहेरून टोचलेलं जेल शरीर काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत शोषून घेतं, मग "सहा महिने वंगण राहतं" हे कुठल्या हिशोबाने? विकणारे म्हणतात ते जाता जाता सांध्याला स्वतःचं वंगण बनवायला शिकवतं. असेल. पण रोग्याला फरक किती पडतो ते बघू ना. २०२२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक मोठा आढावा आला, १६९ चाचण्या, एकवीस हजारांवर माणसं, आणि त्यातल्या मोठ्या, नीट केलेल्या चाचण्या एकत्र केल्यावर खोट्या इंजेक्शनच्या तुलनेत दुखण्यातला फरक निघाला १०० च्या पट्टीवर साधारण २. दोन! माणसाला जाणवेल असा फरक म्हणायला त्याच्या कितीतरी पट लागतो. नाइस तर सरळ म्हणते हे देऊ नका, अमेरिकेतल्या अस्थितज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये म्हटलंय की सरसकट वापरू नका. तरी आपल्याकडे ते जोरात चालतं, त्याला कारणं आहेत, स्टिरॉइडचं औषध किरकोळ किमतीचं आणि जेलचं बिल हजारांत, शिवाय "स्टिरॉइड नाही, नैसर्गिक आहे" हे वाक्य पेशंटला गोड लागतं. सगळे डॉक्टर पैशासाठीच देतात असं मी म्हणणार नाही, ज्यांची शुगर फारच वर आहे आणि ऑपरेशनही होऊ शकत नाही अशांना दुसरं काय द्यायचं हा प्रश्न खरा असतो. तुमची आई त्या टोकाला नाही.

आणि कोंबड्याच्या तुऱ्याचं? आईंना ज्याने सांगितलं त्याने अफवा सांगितलेली नाही. काही ब्रँडचं हायलुरोनिक अॅसिड खरंच कोंबड्याच्या तुऱ्यातून काढतात, काही ब्रँड जिवाणू वाढवून प्रयोगशाळेत बनवतात, कुठलं कशापासून ते पाकिटातल्या कागदावर असतं. गळ्यात माळ असलेल्या बाईला हे न सांगता टोचणं मला बरोबर वाटत नाही, आणि अंडं-चिकनची अॅलर्जी असलेल्यांनी तर विचारायलाच हवं. एवढ्यावरून त्यांनी नकार दिला असेल तर त्या नकाराला हसू नका.

पीआरपी म्हणजे आपलंच रक्त काढून, मशीनमध्ये फिरवून, त्यातला प्लेटलेटचा भाग गुडघ्यात टोचायचा. कल्पना आकर्षक आहे आणि काही लहान अभ्यासांत बरे निकाल आलेत, म्हणून तरुण ऑर्थो मंडळी त्यावर खूश असतात. पण ऑस्ट्रेलियात, सिडनी आणि मेलबर्नला, २८८ माणसांवर नीट आंधळी चाचणी झाली, आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं, निम्म्यांना पीआरपी निम्म्यांना सलाइन, कुणाला काय दिलं ते कुणालाच माहीत नाही, आणि वर्षभराने दुखणंही सारखं आणि कूर्चेची झीजही सारखी. निकाल २०२१ मध्ये आला. शिवाय ती माणसं सौम्य ते मध्यम झिजेची होती, म्हणजे ज्यांना फायदा व्हायला हवा तीच. प्रत्येक ठिकाणी पीआरपी वेगळं बनतं, एका लॅबचं दुसऱ्यासारखं नसतं, तेव्हा चुलतभावाच्या ओळखीत कुणाला बरं वाटलं असेल तर ते खोटं आहे असं नाही, पण तुमच्या पैशावर मी ते सुचवणार नाही. स्टेम सेलबद्दल (मूळ पेशींची इंजेक्शनं) कुणी अजून बोललं नसेल तर बोलेल. आपल्याकडे २०२२ साली गुडघ्यासाठी एका स्टेम सेल औषधाला मान्यता मिळालीय, आणि अमेरिकेत २०२३ ला प्रसिद्ध झालेल्या मोठ्या तुलनेत वेगवेगळ्या प्रकारच्या स्टेम सेल साध्या स्टिरॉइडपेक्षा वर्षभराने सरस ठरल्या नाहीत. किमतीतला फरक तुम्ही स्वतः विचारून बघा.

"पण शेजारच्या काकूंना वंगणाच्या इंजेक्शनने एकदम फरक पडला" हे तुम्ही लिहिलं नाहीये पण कुणीतरी म्हणणारच आहे. पडला असेल. गुडघ्याचं दुखणं चढ-उताराचं असतं, माणूस सुई घ्यायला जातो ते दुखणं शिगेला पोचल्यावर, तिथून ते तसंही जरा उतरतंच. आणि नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्या लोकांनाही या सगळ्या चाचण्यांमध्ये चांगलाच आराम पडलेला दिसतो. काकू खोटं बोलत नाहीत, पण काकूंच्या गुडघ्यावरून २८,००० खर्च करायचे नाहीत.

मग स्टिरॉइड तरी का, असं विचाराल. कारण ते स्वस्त आहे, काय देतं आणि किती दिवस देतं ते माहीत आहे, आणि ते जे काही आठवडे देतं त्यात आईंना व्यायाम करता येतो. आत्ता त्यांना व्यायाम सांगितला तर दुखतं म्हणून चार दिवसांत सोडतील. अमेरिकेच्या लष्करी दवाखान्यांमध्ये १५६ लोकांवर एक अभ्यास झाला होता, २०२० ला आला, एका गटाला स्टिरॉइडची इंजेक्शनं, वर्षात तीनपर्यंत, दुसऱ्याला फिजिओथेरपी. वर्षभराने दोन्ही गट आधीपेक्षा बरे होते, पण फिजिओवाले स्पष्टपणे पुढे होते. म्हणजे इंजेक्शन घेऊन पलंगावर बसून राहिलं तर दोन महिन्यांनी आपण होतो तिथेच. इंजेक्शन घेऊन मांडीचा स्नायू उभा केला तर औषध उतरल्यावरही काहीतरी हातात राहतं. मला या सगळ्या पत्रावर एकच गोष्ट सांगायची असती तर ही सांगितली असती, सुई घ्यायची तर त्या सहा-आठ आठवड्यांत काय करणार ते आधी ठरवा.

काय करायचं ते सांगते. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती गुडघ्याने खाली दाबायची, पाच-सहा आकडे मोजेपर्यंत धरायची, सोडायची, दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. हा आत्तासुद्धा, इंजेक्शनच्या आधीही जमतो, टीव्ही बघताना जमतो. तो सोपा वाटायला लागला की पाठीवर झोपून एक पाय गुडघ्यात न वाकवता वीतभर उचलून धरायचा. मग खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणं-बसणं, आधी उंच खुर्ची, उशी ठेवून, मग उशी काढून. हा शेवटचा सगळ्यात कामाचा, कारण जिन्याची ताकद त्यातूनच येते. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालतं, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते उतरलं पाहिजे, नाही उतरलं तर संख्या कमी करायची, बंद नाही करायचं. इंजेक्शननंतर एक-दोन दिवस आराम, जिना कमी, जड उचलणं नाही, तिसऱ्या दिवसापासून परत सुरू. जवळ फिजिओ असेल तर चार-पाच वेळा जाऊन नीट शिकून घ्या, मशीनचा शेक घेत पडून राहण्यासाठी जाऊ नका, "मला व्यायाम शिकवा" असं तोंडाने म्हणा. आमच्यातलेही काहीजण नुसतं मशीन लावून पाठवतात, खोटं कशाला बोलू.

वजनाचं बोललं की सगळ्यांना राग येतो पण आकडा ऐका. एक किलो वजन कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो, तेव्हा ७८ चे ७४ झाले तरी दर पावलाला सोळा किलो उतरले. शुगरसाठीही तेच हवंय. उपास करून नाही, कारण एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाऊन शुगर कुठे जाते ते तुम्हालाही माहीतय, भगर आणि दाण्याची आमटीही मापातच.

घरात कमोड नसेल तर बसवा किंवा निदान वर ठेवायची खुर्ची आणा. देवपूजा, भाजी निवडणं, हरिपाठ सगळं खुर्चीवर, पांडुरंग काही म्हणणार नाही. काठी घेतली तर दुखऱ्या उजव्या गुडघ्यासाठी ती डाव्या हातात, बरेच जण उलटी धरतात.

इंजेक्शनच्या दिवशी डॉक्टरांना औषधाचं नाव आणि डोस फाइलवर लिहून द्यायला सांगा. पुढच्या डॉक्टरला ते लागतं आणि "गुडघ्यात काहीतरी दिलं होतं" यावरून कुणाला काही कळत नाही. गुडघ्यात पाणी असेल तर ते आधी काढून मग औषध देतात, ते चांगलंच असतं, पाणी काढलं की पुन्हा पुन्हा भरतं हा समज चुकीचा आहे, ते भरतं सूज असते म्हणून. काढलेलं पाणी फिकट पिवळं, पारदर्शक असेल तर ठीक, गढूळ असेल तर डॉक्टर स्टिरॉइड न देता ते तपासायला पाठवतील आणि तेच बरोबर, तिथे "आलोच आहोत तर देऊन टाका" असा आग्रह करू नका. नंतर पहिल्या दिवशी दुखणं वाढलं तर घाबरायचं नाही. पण दोन-तीन दिवस उलटल्यावर दुखणं वाढतच चाललंय, गुडघा लाल, गरम, टच्च सुजलेला, ताप, पाय वाकवताच येत नाही असं झालं तर रात्र असली तरी थेट हॉस्पिटल. सांध्यात इन्फेक्शन क्वचितच होतं, पण झालं तर तासांचा प्रश्न असतो, आणि शुगरवाल्यांना धोका जास्त.

ऑपरेशनचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मामा विचारणार. ग्रेड थ्री म्हणजे लगेच वाट्या बदला असं नाही. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, चार घरं चालवत नाही, पाय वाकडा होत चाललाय आणि व्यायाम, वजन, औषध सगळं मनापासून करून झालंय, तेव्हा तो विचार करायचा, आणि तेव्हा मग उगाच घाबरायचंही नाही, बदललेले गुडघे बहुतेकांना वीस वर्षांच्या वर साथ देतात आणि २०१७ पासून सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर मर्यादा घातलीय, त्यामुळे बिलात इम्प्लांटची किंमत वेगळी मागून घ्यायची. फक्त एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ऑपरेशन ठरलं असेल तर त्याआधी तीन महिने त्या गुडघ्यात स्टिरॉइड नको, इन्फेक्शनचा धोका वाढतो. "ऑपरेशनपर्यंत तेवढं एक देऊन टाका" असं बऱ्याच घरांत होतं.

राहिलं लग्न. हळदीच्या आदल्या दिवशी सुई घ्यायची नाही, दुखणं वाढायचं आणि शुगर चढायची नेमके तेच दिवस असतात. तारखेच्या साधारण दोन-अडीच आठवडे आधी घ्या, म्हणजे शुगर खाली आलेली असेल आणि औषध पूर्ण कामाला लागलेलं असेल. तोवर तुमच्याकडे पाच-सहा आठवडे आहेत, त्यात टॉवेलचा व्यायाम, क्रिएटिनिन आणि शुगरच्या डॉक्टरांची भेट होऊन जाईल, कदाचित सुईची गरजच थोडी कमी वाटेल. आणि डॉक्टर म्हणाले एकाच दिवशी दोन्ही गुडघ्यांत देऊ, चकरा वाचतील, तर नको म्हणा, दुप्पट औषध म्हणजे शुगरला दुप्पट धक्का. आधी उजवा. डाव्याचं लग्न झाल्यावर बघू, वहीतले शुगरचे आकडे मला पाठवा.